दोन फुकट दात आणि पाच डझन लोंगानिसे

पोटात गोष्ट ठेवावी तर मीच! फिलिपिन्समधल्या लेमेरी गावाच्या नगरपालिकेत जन्मनोंदणीच्या खिडकीमागे मी सतरा वर्षं बसतो आहे. गावातल्या प्रत्येक बाईचं खरं वय मला पाठ आहे, आणि आजवर एकीचंही बाहेर फुटलेलं नाही. आमच्या वस्तीचे निवडून आलेले प्रमुख कप्तान मारासिगान यांच्या पत्नीने तीन वर्षांपूर्वी पन्नासावा वाढदिवस साजरा केला. अख्खं डुक्कर भाजलं, बँड लावला, केकवर पन्नास मेणबत्त्या खोचल्या. मी काही बोललो? टाळ्या वाजवल्या आणि केकचा दुसरा तुकडा मागून घेतला!

तेव्हा तिया उपेंगने मला विश्वासात घेतलं यात नवल काहीच नव्हतं.

तिया म्हणजे मावशी; तिया उपेंग ही माझ्या आईची मावसबहीण. बस स्टँडमागे तिची खाणावळ आहे. सकाळी साडेसातला मी तिथे दिसलो नाही, तर लोक घरी चौकशीला येतात. लसणीवर परतलेला भात, त्यावर डोळा वटारून बघणारं तळलेलं अंडं, आणि शेजारी तिचे लोंगानिसे! अंगठ्याएवढे, गुबगुबीत सॉसेज, आतड्यात डुकराचं मटण आणि लसूण ठासून भरलेले, टोकाला दोऱ्याची गाठ मारलेले. व्हिनेगरात बुडवून एक तोंडात टाकला की माणूस दोन मिनिटं तरी कुणाशी भांडत नाही.

रस्त्याच्या पलीकडे, अगदी समोर, तिच्या सख्ख्या धाकट्या बहिणीची खाणावळ. तिया इस्यांगची. तिथेही लोंगानिसेच, आणि कृतीही त्याच आईची. पण दोघी बहिणी अकरा वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. कारण काय, तर लोंगानिसे भरायचं आईचं पत्र्याचं नसराळं! आई गेली आणि नसराळं थोरलीकडे राहिलं. "चोरलं," असं धाकटी म्हणाली. "तुझे लोंगानिसे साबणासारखे लागतात," असं थोरली म्हणाली. त्यानंतर दोघी एकमेकींशी एकही वाक्य बोलल्या नव्हत्या.

आता मुद्द्याचं. आमच्या जत्रेच्या पहाटे गावोगावचे बँड येतात. त्यांना न्याहारी घालायचा मान वीस वर्षं तिया उपेंगचा. खाऊन उठले की बँडवाले पहिली धून तिच्या दारात वाजवतात. ती धून ऐकताना तिया कमरेवर हात ठेवून समोरच्या खाणावळीकडे अशी बघते, की विचारू नका! त्या पाच मिनिटांसाठी ती वर्षभर पहाटे तीनला उठते. पण यंदा कप्तानांच्या डोक्यात न्याय शिरला. ते म्हणाले, दोन्हीकडे चव घेऊ आणि मगच मान देऊ. शुक्रवारी तिया उपेंगकडे, शनिवारी तिया इस्यांगकडे.

गुरुवारी संध्याकाळी तियाने मला निरोप धाडला. गेलो, तर तिचं नाक टोमॅटोसारखं लाल.

"आतोंग, दार लाव."

लावलं.

"हा खा."

खाल्ला. डोळ्यांतून पाणी आलं.

"कसा झालाय?"

"तिया, बोट उलटून समुद्रात पडल्यासारखं वाटलं."

"वाटलंच मला!" ती मटकन बसली. "तीन दिवस सर्दी आहे रे. वास नाही, चव नाही. मीठ घातलं की नाही तेच आठवेना, म्हणून परत घातलं. मग परत शंका आली. मांजराला एक टाकला, तर ते दुपारपासून पाण्याच्या बादलीपासून हललेलं नाही!"

"मग दुसरे करा."

"भरून, सुकून, मुरायला दोन दिवस लागतात! उद्या सकाळी कप्तान येतोय!" तिने आवाज खाली आणला. "आतोंग, जा. पाच डझन घेऊन ये."

"कुठून?"

तिने ओठ पुढे काढले आणि रस्त्यापलीकडे रोखले.

आमच्याकडे हात नेहमी कामात असतात, त्यामुळे दिशा दाखवायचं काम ओठांकडेच. बस कुठे, पाणी कुठे, साहेब कुठे, सगळं ओठ पुढे काढून. तरी मी खात्री करून घ्यायला विचारलं, "तिथून? म्हणजे तिया इस…"

"नाव घेऊ नकोस माझ्या घरात! आणि मेलास तरी कुणाला सांगू नकोस!"

"तिया," मी छातीवर हात ठेवला, "मी जन्मनोंदणी खात्यात आहे."

पलीकडे तिया इस्यांगने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "साठ? तुमच्या ऑफिसात माणसं किती रे?"

"सहा. साहेबांचा निरोप समारंभ आहे."

"सहा जणांना साठ?"

"साहेब फार लोकप्रिय होते."

रात्रीतून तिया उपेंगने इस्यांगच्या लाल दोऱ्याच्या गाठी कापल्या आणि स्वतःच्या पांढऱ्या दोऱ्याने पुन्हा बांधल्या. साठच्या साठ! आता फक्त माझं तोंड बंद राहायला हवं होतं.

आणि शुक्रवारी सकाळी नेमकं तेच झालं. निवडणुका जवळ आल्या की आमच्या चौकात फुकट दात काढून देतात. माझी एक दाढ महिनाभर ठणकत होती. सहाला रांगेत उभा राहिलो. फुकट आहे म्हटल्यावर शेजारचीही काढून घेतली. दुखत नव्हती, पण पुढेमागे दुखलीच असती ना! डॉक्टरांनी इंजेक्शनं भरपूर दिली, गालात कापूस कोंबला आणि बजावलं, "नऊ वाजेपर्यंत तोंड उघडायचं नाही. बोलायचं नाही, खायचं नाही."

मी मनात म्हटलं, वा! गुपिताला देवानेच कुलूप लावलं!

मला एकच गोष्ट माहीत नव्हती. इंजेक्शनने माझा खालचा ओठ पावासारखा फुगून पुढे आला होता आणि डावीकडे वळून बाणासारखा रोखून बसला होता. मला कळणार कसं? ओठ तोंडावर आहे की चौकात राहिलाय, एवढंही समजत नव्हतं!

खाणावळीत शिरून मी नेहमीसारखा काचेच्या कपाटापुढे उभा राहिलो. आत पदार्थांचे ट्रे, मागे तियाची सून रोवेना, मला कुया म्हणजे दादा म्हणणारी. डावीकडच्या टोकाला अंड्यातलं कारलं होतं. कारलं हा पदार्थ मी लहानपणापासून फक्त दुसऱ्यांच्या ताटात पाहिलेला आहे.

"कुया आतोंग, आज कारलं?" रोवेनाने माझ्या ओठाकडे बघत विचारलं.

धक्क्याने माझ्या भुवया वर गेल्या. आमच्याकडे भुवया वर म्हणजे 'हो'. तिने बशी भरली.

"एवढं पुरे?"

माझ्या भुवया आणखी वर गेल्या. तिने दुसरी बशी भरली.

"बाई गं! अजून?"

तीन बशा कारलं घेऊन मी खिडकीजवळच्या माझ्या टेबलाशी बसलो. चौकातून आलेल्या कुणीतरी माझ्या दोन दाढा काढल्याचं सांगितलं, तेव्हा रोवेनाला माझी दया आली. तिने भात आणला आणि त्यावर कडक काळी कॉफी ओतली, दात न आलेल्या पोरांना देतात तशी! "चावायचं नाही, कुया. नुसतं गिळा." मी तोंड मिटून त्या भाताकडे बघत राहिलो. मागच्या टेबलावरचा रिक्षावाला गोरिओ म्हणाला, "आतोंगला वैराग्य आलेलं दिसतंय. कारल्यासमोर ध्यान लावून बसलाय."

साडेसातला कप्तान आले. सोबत कप्तानीणबाई, नव्या पोलक्यात. तिया उपेंगने स्वतः ताटं मांडली. तिने नाकाला पदर लावावा तसा रुमाल लावला होता. कप्तानांनी एक लोंगानिसा उचलला, व्हिनेगरात बुडवला, तोंडात टाकला आणि डोळे मिटले.

"तिया उपेंग," ते डोळे न उघडताच म्हणाले, "वीस वर्षं खातोय तुमच्याकडे. पण असा लोंगानिसा कधी खाल्ला नव्हता!"

तियाचा चेहरा फुलला आणि तिथल्या तिथे कोमेजला. आनंद तर झाला होता, पण तो कुणाच्या नावावर जमा करायचा, हे तिला कळेना.

कप्तानांनी सहा संपवले. सातवा उचलणार, तेवढ्यात कप्तानीणबाई थांबल्या. त्यांनी दातांमधून काहीतरी हळूच ओढून काढलं आणि ताटाच्या कडेवर ठेवलं. लाल दोरा!

एकोणसाठ गाठी कापल्या होत्या, एक राहिली होती.

"उपेंग," कप्तानीणबाई गोड आवाजात म्हणाल्या, "लाल दोरा तर समोरची वापरते ना?"

"जत्रेसाठी खास!" तिया म्हणाली. "सजावट!"

"खायच्या वस्तूत सजावट?"

"आतून सुंदर दिसावं म्हणून!"

कप्तान एकदा संशयाला चिकटले की गोचिडीसारखे. त्यांनी खाणावळभर नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली. "आतोंग, तू इथला रोजचा. सरकारी माणूस. सांग बरं, हे लोंगानिसे कुणी केलेत?"

तिया उपेंगने माझ्याकडे पाहिलं. मी तिला नजरेनेच धीर दिला. ताठ बसलो, समोरच्या भिंतीवरच्या घड्याळावर डोळे लावले, पापणीसुद्धा हलवली नाही. दगडाच्या पुतळ्याने माझ्याकडून धडे घ्यावेत!

आणि माझ्या डाव्या हाताला खिडकी होती.

सगळ्यांच्या माना एकदम खिडकीकडे वळल्या. खिडकीबाहेर रस्ता, रस्त्यापलीकडे तिया इस्यांग, दारात झाडू मारत असलेली. चौदा माणसं एकदम आपल्याकडे बघताहेत हे पाहून तिचा झाडू जागच्या जागी थांबला.

"इस्यांगने?" कप्तान ओरडले.

माझ्या भुवया गेल्या वर!

"हो म्हणाला! हो म्हणाला!" गोरिओ खुर्चीवर चढला.

"काही हो म्हणाला नाही!" तिया उपेंग डाव घेऊनच माझ्यापुढे उभी राहिली. "ओठ सुजलाय त्याचा! सकाळपासून असाच आहे! दाढ काढलीय गाढवाने! दोन!"

तेव्हा कुठे मला उलगडा झाला. मी हात लावून पाहिला. ओठाऐवजी कुणीतरी तिथे वांगं बसवलं होतं!

"कागद द्या त्याला," कप्तान म्हणाले. "लिहून दे, आतोंग."

मी कागद परत सरकवला. तोंडी थापा मारणं वेगळं. लेखी खोटं मी आजवर केलेलं नाही. पेन्शनचा प्रश्न असतो.

"बघा, लिहीत नाही!" कप्तान म्हणाले.

"साधी गोष्ट आहे," गोरिओ खुर्चीवरूनच म्हणाला. "ओठ मुद्दाम वळवलाय की सुजून वळलाय, एवढंच बघायचं ना? खुर्ची फिरवा! सुजलेला असेल तर खुर्चीबरोबर फिरेल. खरं दाखवत असेल तर खिडकीकडेच राहील."

ही कल्पना सगळ्यांना इतकी शास्त्रीय वाटली, की मी म्म्म म्म्म करत असताना चौघांनी माझी खुर्ची उचलली आणि कारल्यासकट मला उलटं बसवलं. आता खिडकी उजवीकडे आली.

"विचारा काहीतरी!" कप्तान म्हणाले.

गोरिओचं डोकं असल्या वेळी नको तिथे चालतं. तो म्हणाला, "नोंदणीबाबू, या खोलीत वय कोण चोरतं?"

माझ्या डाव्या हाताला आता कप्तानीणबाई होत्या.

सगळ्यांच्या माना त्यांच्याकडे वळल्या. मी घाबरून भुवया वर चढू नयेत म्हणून दोन्ही हातांनी दाबून धरल्या. लोकांना वाटलं, मी आणखी काहीतरी लपवतोय.

"ओठ सुजलाय!" कप्तानीणबाई कडाडल्या. आता त्यांच्याइतका माझा कैवारी कुणी नव्हता. "बघता काय! स्पष्ट सुजलाय! मेला आहे तो ओठ! त्यात काडीचंही खरं नाही! कप्तान, तुम्ही एका सुजलेल्या ओठावर भरवसा ठेवून बिचाऱ्या उपेंगला छळताय? लाज वाटायला हवी!"

"पण तो लाल दोरा…"

"माझ्या पोलक्याचा होता!"

पोलकं हिरवं होतं. पण कप्तान बावीस वर्षं संसार करताहेत, त्यांना रंग कळत नाहीत. त्यांनी मान डोलावली. गोरिओ खुर्चीवरून उतरला. तिया उपेंगने रुमालाने नाक आणि डोळे एकदमच पुसले. वीस वर्षांचा मान निदान शनिवारपर्यंत तरी वाचला होता! रोवेनाने आनंदाने माझ्या भातावर आणखी कॉफी ओतली.

कप्तान हात धुऊन आले. खुशीत होते. जाता जाता माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सहज, अगदी वाटेत भेटलेल्या माणसाला विचारावं तसं विचारलं, "आतोंग, सासूबाई यायच्यात रविवारी. असलेच डझनभर घरी न्यायचे झाले, तर मिळतील कुठे रे?"

आणि मी उजवीकडे वळलो. मान वळवली, खांदा वळवला, कंबरेतून वळलो, खुर्ची करकरली. आणि तो वांग्याएवढा ओठ सगळ्या ताकदीनिशी डावीकडून ओढून आणून, खिडकीतून, रस्त्यापलीकडे, थेट तिया इस्यांगवर रोखला!

आधी कप्तानांनी खिडकीकडे पाहिलं. मग तिया उपेंगकडे. मग, फार सावकाश, आपल्या बायकोकडे. कारण ओठ जर खरं बोलत होता, तर तो सगळंच खरं बोलत होता.

"किती?" त्यांनी बायकोला विचारलं.

"घरी चला," कप्तानीणबाई म्हणाल्या.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. तिया इस्यांग, हातात झाडू. "काय चाललंय? सकाळपासून सगळं गाव माझ्याकडे ओठ काढून बघतंय! मी काय माकड आहे?" मग तिची नजर ताटावर गेली. आपला लोंगानिसा तिला शंभर पावलांवरून ओळखता येतो. "हे… हे माझे आहेत!" ती माझ्याकडे वळली. "साहेबांचा निरोप समारंभ?"

मी कारलं खाल्लं. दुसरं काही सुचेना. कापसासकट खाल्लं.

"अकरा वर्षं," तिया इस्यांग बहिणीकडे झाडू रोखून म्हणाली, "अकरा वर्षं अख्ख्या गावाला सांगत सुटलीस, माझे लोंगानिसे साबणासारखे लागतात!"

तिया उपेंगचा चेहरा राखेसारखा झाला होता. मला वाटलं, आता डाव आणि झाडू यांची लढाई. पण ती हळूच म्हणाली, "मला चव कळत नाहीये, इस्यांग. चार दिवस झाले. काहीच कळत नाही."

इस्यांगने झाडू खाली केला. "ताप आहे?"

"थोडा."

"आल्याचं पाणी घेतलंस?"

"नाही."

"गरम बटाटा तरी नाकाशी धरलास?"

"नाही."

"कधीच स्वतःची काळजी घेतली नाहीस! आईही हेच म्हणायची!" इस्यांगने बहिणीच्या कपाळावर हात ठेवला. "आणि माल हवा होता तर हाक मारायची. रस्ता काय समुद्र आहे? या ठोंब्याला कशाला पाठवलंस?"

"तोंडाचा पक्का आहे म्हणाला."

"हा?"

"हा!"

दोघी एकदम माझ्याकडे वळल्या. अकरा वर्षांत दोघी बहिणींचं पहिल्यांदाच एका गोष्टीवर एकमत झालं होतं, आणि ती गोष्ट मी होतो. पुढची दहा मिनिटं दोघींनी मला जे ऐकवलं, त्यात एकीचं वाक्य दुसरी पूर्ण करत होती. नसराळ्याचा विषयसुद्धा निघाला नाही.

जत्रेच्या पहाटे बँडवाल्यांना दोघींनी मिळून न्याहारी घातली. भात-अंडं थोरलीचं, लोंगानिसे धाकटीचे, दोरा लाल-पांढरा पिळलेला. पहिली धून रस्त्याच्या बरोब्बर मधोमध वाजली आणि वाहतूक तासभर अडली. दोघी दोन्हीकडून कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. आता बघायला समोर कुणीच नसल्यामुळे दोघी माझ्याकडे बघत होत्या. मी हातात ताट घेऊन रांगेत होतो. माझा नंबर आला, तेव्हा रोवेनाने फक्त कारलं वाढलं.

दोन्ही खाणावळी मला बंद आहेत. सकाळी साडेसातला घरीच कॉफीत बिस्किट बुडवतो. समोर भिंतीवर कप्तानांनी जत्रेत सर्वांसमक्ष दिलेलं प्रमाणपत्र आहे. 'सत्यासाठी नात्यागोत्याचीही पर्वा न करणारा सेवक', खाली सही आणि शिक्का. ते घेताना मी मान खाली घातली, तर लोकांना तो विनय वाटला. फार टाळ्या पडल्या. कप्तानीणबाई तेवढ्या नव्हत्या. त्यांची म्हणे त्या दिवसापासून तब्येत बरी नाही.

आता तुमच्यापासून काय लपवायचं! सत्य वगैरे काही नव्हतं हो. इंजेक्शन उतरलं होतं, ओठ पुरता माझ्या ताब्यात होता, आणि तियाला दिलेला शब्दही मला लख्ख आठवत होता. कप्तानांनी पुन्हा 'कुणी केले?' असं विचारलं असतं, तर मान कापली असती तरी मी हललो नसतो.

पण त्यांनी 'कुठे?' विचारलं. तिथे माझा काय इलाज!